रंग वस्तूत, प्रकाशात की नजरेत?

साडी पसंत पडली तरी खरेदीला आलेल्या बायका लगेच पैसे देत नाहीत. साडी घेऊन त्या दुकानाच्या दारापाशी येतात, घडी उलगडून पदर उन्हात धरतात आणि मगच काय ते ठरवतात. पुण्याचा लक्ष्मी रस्ता असो वा मुंबईतले दादर, हे दृश्य नेहमीचे आहे आणि दुकानदारालाही त्यात वावगे वाटत नाही. आतल्या दिव्याखाली मोरपंखी भासलेला रंग बाहेर येताच हिरव्याकडे झुकतो, तर कधी जांभळा वाटलेला काठ निळा निघतो. साडी तीच असते, पाहणारे डोळेही तेच असतात. बदललेला असतो तो केवळ प्रकाश.

या घरगुती अनुभवात विज्ञानातील एक महत्त्वाचे सत्य दडलेले आहे. रंग हा वस्तूला कायमचा चिकटलेला गुणधर्म नव्हे. वस्तूवर पडणारा प्रकाश, त्यातील वस्तूने परत पाठवलेला भाग आणि तो टिपणारी नजर या तिघांच्या मेळातून रंगाची जाणीव निर्माण होते. तिघांपैकी एक जरी बदलला तरी रंग बदलतो. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे काही माणसांना लाल आणि हिरवा यांतील फरक का उमगत नाही, हे समजते. तसेच ठिपक्यांच्या एका चाचणीत अडखळल्यामुळे अनेक तरुणांची वाट आजवर का अडत आली, हा प्रश्नही निराळ्या दृष्टीने पाहता येतो.

किरणांना रंग नसतो

सतराव्या शतकात, १६६० च्या दशकात, आयझॅक न्यूटनने अंधाऱ्या खोलीत एका बारीक छिद्रातून सूर्यकिरण आत घेतला आणि त्याच्या वाटेत काचेचा लोलक धरला. समोरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटला. असा पट्टा लोकांनी पूर्वीही पाहिला होता. परंतु काच प्रकाशाला रंग चढवते, असा समज होता. न्यूटनने पट्ट्यातील एकच रंग वेगळा काढून दुसऱ्या लोलकातून नेला. त्याचे आणखी रंग झाले नाहीत. म्हणजे रंग काचेने निर्माण केलेले नव्हते, ते पांढऱ्या प्रकाशातच मिसळलेले होते. काचेने त्यांना कमी-अधिक वाकवून एकमेकांपासून अलग केले, इतकेच. हे संशोधन १६७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १७०४ मधील ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात न्यूटनने याहून सूक्ष्म विचार मांडला. किरण स्वतः रंगीत नसतात, पाहणाऱ्याच्या ठायी अमुक एका रंगाची जाणीव उत्पन्न करण्याची क्षमता तेवढी त्यांच्यात असते, असे त्याचे म्हणणे होते.

आजच्या भाषेत सांगायचे तर प्रकाश हे विद्युतचुंबकीय तरंग आहेत. सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा चिंचोळा पट्टाच मानवी डोळ्याला दिसतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पट्ट्याच्या आखूड टोकाला जांभळा आणि लांब टोकाला तांबडा प्रकाश असतो. झाडाच्या पानातील हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. उरलेल्या, परत फिरलेल्या प्रकाशात हिरव्याचा भाग अधिक असतो, म्हणून पान हिरवे दिसते. मूळ प्रकाशात जी तरंगलांबी नाही, ती वस्तू परत पाठवू शकत नाही. रस्तोरस्ती पूर्वी सर्रास दिसणाऱ्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांत निळा प्रकाश फारच कमी असे. त्यामुळे त्यांच्या उजेडात निळी मोटार काळपट दिसे.

रंगासाठी रंगद्रव्यच हवे असेही नाही. आकाशात कुणी निळा रंग कालवलेला नसतो. हवेतील रेणू प्रकाश इतस्ततः विखुरतात आणि तरंगलांबी जितकी आखूड तितके हे विकिरण वेगाने वाढते. निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरला जातो आणि सर्व दिशांनी डोळ्यांकडे येतो. सूर्यास्ताच्या वेळी किरणांना हवेतून फार लांबचा प्रवास करावा लागतो. वाटेत निळा भाग गळून जातो आणि तांबडा उरतो. १९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहिली. समुद्राचा निळा रंग म्हणजे निव्वळ आकाशाचे प्रतिबिंब, हे त्या वेळचे मत त्यांना पटले नाही. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, असे प्रतिपादन करणारे त्यांचे पत्र ‘नेचर’ नियतकालिकाकडे रवाना झाले ते मुंबई बंदरातून. याच विचाराचा धागा पुढे १९२८ मधील ‘रामन परिणामा’च्या शोधापर्यंत पोहोचला.

तीन पेशींचा हिशेब

आता प्रकाश डोळ्यात शिरल्यावर काय होते ते पाहू. डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करण्याची प्रथा आहे आणि पुढच्या भागापुरती ती योग्यही आहे. सर्वांत बाहेरचे पारदर्शक पारपटल किरणांना वाकवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम करते. त्यामागील परितारिका बाहुलीचा आकार कमी-जास्त करून प्रकाश आवरते. उरलेले बारकाईचे काम भिंग करते आणि मागच्या दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते. परंतु कॅमेऱ्याची उपमा येथेच संपते. दृष्टिपटल ही निव्वळ फिल्म नव्हे. तेथे सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी आणि सुमारे ६० लाख शंक्वाकार पेशी आहेत. मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत मात्र तंतू असतात केवळ १० लाखांच्या आसपास. अर्थात जे दिसते ते सगळेच्या सगळे मेंदूकडे जात नाही. दृष्टिपटलातच निवड, तुलना आणि गोळाबेरीज होते आणि तिचा निष्कर्ष पुढे पाठवला जातो.

दंडाकार पेशी मंद प्रकाशात काम करतात. पण त्या सगळ्यांत एकच प्रकाशसंवेदी द्रव्य असते. अशा एकट्या पेशीला किती प्रकाश आला हे कळते, कोणता आला हे कळत नाही. म्हणून चांदण्यात जास्वंद आणि तिची पाने दोन्ही करडी दिसतात. रंग ओळखण्यासाठी निरनिराळ्या पेशींच्या उत्तरांची तुलना करावी लागते. ते काम शंक्वाकार पेशींचे. त्यांचे तीन प्रकार आहेत. एक प्रकार सुमारे ४२० नॅनोमीटरच्या, दुसरा ५३० च्या आणि तिसरा ५६० च्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. डोळ्यात अशी तीनच प्रकारची ग्राहक यंत्रणा असावी, हा तर्क इंग्लंडमधील थॉमस यंग यांनी १८०२ मध्येच केला होता. १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रंगीत फितीची तीन छायाचित्रे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशात एकमेकांवर टाकून पडद्यावर रंगीत चित्र उभे करून दाखवले.

मोबाइलचा आणि टीव्हीचा पडदा आजही याच युक्तीवर चालतो. पडद्यावरच्या पिवळ्या लिंबातून पिवळ्या तरंगलांबीचा प्रकाश येत असतो असे मुळीच नाही. तेथे लाल आणि हिरवे सूक्ष्म ठिपके शेजारी शेजारी उजळलेले असतात. खऱ्या लिंबाकडून आलेला प्रकाश आणि पडद्यावरून आलेला प्रकाश यांची घडण अगदी वेगळी. परंतु तिन्ही प्रकारच्या पेशींकडून मिळणारे उत्तर सारखेच असल्याने डोळ्याला दोन्ही एकसारखेच पिवळे. ‘मॅचिंग सेंटर’मध्ये साडीशी तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस घरी उन्हात पाहिल्यावर बेरंग का होतो, त्याचेही उत्तर येथे आहे. दोन कापडांतली रंगद्रव्ये निराळी असतात. दुकानातील दिव्याखाली त्यांचा हिशेब योगायोगाने सारखा येतो. प्रकाश बदलताच तो मोडतो.

शेवटचा निर्णय मेंदूचा. सकाळच्या सोनेरी उन्हात आणि दुपारच्या पांढऱ्या उजेडात कागद पांढराच वाटतो. कारण प्रकाशाची छटा ओळखून मेंदू ती वजा करतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये इंटरनेटवर एका पोशाखाचे छायाचित्र जगभर फिरले. तो निळा-काळा आहे की पांढरा-सोनेरी, यावरून घराघरांत वाद झडले. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळा होता. छायाचित्रातील प्रकाश नेमका कोणता, याचा अंदाज प्रत्येकाच्या मेंदूने वेगवेगळा बांधल्याने दिसणारे रंग वेगळे ठरले. निरोगी डोळ्यांच्या दोन माणसांनाही एकच वस्तू वेगळ्या रंगाची दिसू शकते, याचा एवढा ढळढळीत दाखला विरळाच.

डाल्टनचे डोळे

या तीन पेशींपैकी एखादा प्रकार नसेल किंवा वेगळ्या घडणीचा असेल तर काय होते, याची पहिली सविस्तर शास्त्रीय नोंद स्वतःच्याच नजरेविषयी केली ती अणुसिद्धान्त मांडणाऱ्या जॉन डाल्टन यांनी. जिरॅनियमचे एक फूल त्यांना दिवसा आकाशी दिसे. १७९२ मध्ये तेच फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले तेव्हा ते लाल भासले. आजूबाजूच्या बहुतेकांना मात्र असा काही मोठा बदल जाणवेना. १७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्यांनी याविषयी निबंध वाचला. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा आणि तो तांबडा प्रकाश अडवत असावा, असा त्यांचा कयास होता. मृत्यूनंतर डोळे तपासून पाहावेत अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. १८४४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर तसे करण्यात आले. द्रव स्वच्छ निघाला, कयास चुकला. परंतु डोळ्यांचे अवशेष जपून ठेवलेले होते. तब्बल दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यातील डीएनए तपासून संशोधकांनी उत्तर शोधले. मधल्या तरंगलांबीला प्रतिसाद देणाऱ्या द्रव्याचे जनुक डाल्टन यांच्याकडे नव्हते.

‘रंगांधळेपणा’ या शब्दाने मोठा गैरसमज होतो. या लोकांना जग जुन्या चित्रपटासारखे कृष्णधवल दिसते, अशी समजूत असते. तशी अवस्था अत्यंत दुर्मीळ आहे. बहुतेकांना निळा, पिवळा हे रंग उत्तम कळतात. घोटाळा होतो तो लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी यांच्या छटांत. मधल्या आणि लांब तरंगलांबीच्या पेशींत मुळातच सुमारे ३० नॅनोमीटरचे अंतर. त्यातील एक प्रकार नसला किंवा दुसऱ्याच्या आणखी जवळ सरकला की या छटांतील फरक पुसट होतो. अशा माणसाला टोमॅटो पिकला की नाही हे रंगावरून ठरवणे अवघड जाते, पण हाताने दाबून पाहिले की कळते.

या दोन्ही द्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच असते आणि ते आईकडून येते. त्यात दोष असेल तर भरून काढायला दुसरे नसते. स्त्रीकडे दोन असल्याने एक सदोष असले तरी बहुधा निभावते. म्हणून युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे आठ टक्के, तर स्त्रियांत अर्धा टक्क्याच्या आसपास आढळते. इतर समाजांत ते कमी-अधिक असते. हा वारसा आजोळचा असतो. आजोबांकडून मुलीकडे येतो, तेथे दिसत नाही आणि नातवात प्रकटतो.

आगगाडी, लोकर आणि ठिपके

नजरेतील या वेगळेपणाचा संबंध नोकरीशी जोडला गेला तो रेल्वेमुळे. नोव्हेंबर १८७५ मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन नऊ जण दगावले. सिग्नलचा रंग ओळखण्यात चूक झाली असावी, असा संशय उप्साला येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रिथिऑफ होल्मग्रेन यांनी मांडला. रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला सांगून रेल्वे कर्मचाऱ्यांची नजर तपासण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. त्या अपघाताचे कारण खरोखरच रंगांधता होते का, याविषयी पुढे इतिहासकारांनी शंका घेतली. तपासणीची प्रथा मात्र जगभर पसरली.

आज सर्वत्र वापरली जाणारी ठिपक्यांची चाचणी जपानमधील शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. सैन्यातील तपासणीसाठी ती तयार करण्यात आली होती. लहान-मोठ्या रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत एक आकडा दडवलेला असतो. ठिपक्यांची उजळता मुद्दाम कमी-जास्त ठेवलेली असल्याने आकडा केवळ रंगाच्या फरकावरूनच वाचावा लागतो. लाल-हिरव्यातील दोष हुडकण्यात ही चाचणी फार तरबेज आहे, आणि नेमकी तेथेच तिची मर्यादाही आहे. दोष आहे किंवा नाही, हे ती सांगते. तो किती तीव्र आहे आणि अमुक एक काम त्या माणसाला जमेल की नाही, हे ती नीटसे सांगत नाही. तीव्रता मोजण्यासाठी लाल आणि हिरवा प्रकाश मिसळून पिवळ्याशी जुळवायला लावणारे वेगळे उपकरण असते, कंदिलाच्या चाचण्या असतात. शिवाय इशिहारा चाचणीसुद्धा दिवसाउजेडी किंवा तशाच प्रकाशात घ्यावी लागते. मोबाइलच्या पडद्यावर ठिपके पाहून काढलेला निष्कर्ष भरवशाचा नसतो.

कित्येक तरुणांना आपल्या नजरेतील हा वेगळेपणा प्रथम कळतो तो सैन्यदल, रेल्वे किंवा मर्चंट नेव्हीच्या वैद्यकीय तपासणीत. तोवर अभ्यास झालेला असतो, लेखी परीक्षा पार पडलेली असते आणि घरच्यांच्या आशा लागलेल्या असतात. जेथे काळोखात दूरवरच्या सिग्नलच्या रंगावर शेकडो जीव अवलंबून असतात, तेथे कठोर निकष हवेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हाच निकष सरसकट लावण्याचा.

याबाबत भारतात अलीकडे महत्त्वाचे बदल झाले. जून २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून सौम्य आणि मध्यम रंगांधता असलेल्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली. तीव्र दोषावरील बंदी कायम ठेवली. उभ्या सिग्नलमध्ये लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो, त्यामुळे रंग नाही कळला तरी जागा कळते. दुसरे प्रकरण पुण्यातील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचे. तेथील चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका उमेदवाराला वैद्यकीय तपासणीतील रंगांधतेमुळे प्रवेश नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयात दाद न मिळाल्याने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला. चित्रपट ही अनेकांच्या सहकार्यातून घडणारी कला आहे, एखाद्याची मर्यादा दुसऱ्याच्या साहाय्याने भरून निघू शकते, अशा विचाराने रंगांध उमेदवारांना अभ्यासक्रमांपासून दूर ठेवू नये, असा त्या निकालाचा आशय होता.

उपाय आणि सावधगिरी

जन्मजात रंगांधता बरी करणारे औषध अद्याप नाही. २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी जन्मतः रंगांध असलेल्या स्क्विरल माकडांच्या दृष्टिपटलात हरवलेले जनुक पोहोचवले आणि ती माकडे लाल-हिरवा भेद ओळखू लागली. परंतु माणसासाठी हा अजून रुळलेला उपचार नाही. बाजारात मिळणारे रंगीत चष्मे काही तरंगलांबी अडवून छटांमधील फरक ठळक करतात. सर्वसामान्य रंगदृष्टी त्यांनी येत नाही. वैद्यकीय तपासणीच्या आदल्या आठवड्यात अशा चष्म्यांवर किंवा ‘हमखास’ उपचारांवर पैसे घालवण्यात अर्थ नसतो.

मोठेपणी रंगांत अचानक फरक जाणवू लागला तर मात्र ती वेगळी बाब आहे. ते दृष्टिपटलाच्या किंवा दृष्टिचेतेच्या विकाराचे लक्षण असू शकते. क्षयरोगावरील एथाम्बुटोल या औषधाने काही रुग्णांच्या दृष्टिचेतेला इजा होते आणि लाल-हिरवे फिके दिसणे ही त्याची आरंभीची खूण असू शकते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता तातडीने डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. मोतीबिंदूत भिंग पिवळसर होऊन निळा प्रकाश अडतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्यावर १९२३ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांची रंगांची जाण बदलली. आजही शस्त्रक्रियेनंतर घरातील भिंती अधिक पांढऱ्या आणि आकाश अधिक निळे दिसू लागल्याचे अनेक वृद्ध सांगतात.

नजर बदलता येत नसली तरी भोवतालची मांडणी बदलता येते, आणि तिला खर्चही फारसा येत नाही. मुंबईतील मेट्रोच्या मार्गांना रंगांच्या जोडीला क्रमांकही आहेत. नकाशे, आलेख, निकालांचे तक्ते, यंत्रांवरील दिवे या सर्वांतच रंगासोबत अक्षर, आकृती किंवा जागा यांची खूण ठेवली तर कोणाचेही अडत नाही. चार्ज होताना लाल आणि पूर्ण झाल्यावर हिरवा होणारा एकच बारीक दिवा कित्येकांना दोन्ही वेळी सारखाच दिसतो, हे तो बसवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

सर्वांत मोठा फरक शाळेत पडू शकतो. प्राथमिक वर्गातच मुलामुलींची रंगदृष्टी एकदा तपासली तर काही मिनिटांत उलगडा होतो. झाडाच्या पानांना तपकिरी आणि खोडाला हिरवा रंग देणारा मुलगा वर्गात हशाचा किंवा बोलणी खाण्याचा विषय होतो. त्याला तसेच दिसते, हे शिक्षकांना वेळीच कळले तर खडूंवर रंगांची नावे लिहून देता येतात. फळ्यावर लाल खडूने अधोरेखित करण्याऐवजी चौकट काढता येते. आणि दहावी-बारावीनंतर कोणते मार्ग खुले आहेत व कोणत्या मार्गांवर नियम आड येतील, याचा विचार घरच्यांना वैद्यकीय तपासणीच्या रांगेत नव्हे, तर पुरेशा अवधीत करता येतो.